केवडा कोणता? – पीक-नोंदींतील शब्द व त्यांचे अर्थ

खरिपाची पिके हातभर वाढली की गावपातळीवरील कार्यकर्त्यांची शेतांवरील फेरी सुरू होते. पीक कसे आहे, त्यावर कोणती कीड अथवा कोणता रोग पडला आहे आणि त्याचा जोर किती आहे, याची नोंद करून ती तालुक्यास व तेथून जिल्ह्यास पाठवावयाची असते. पूर्वी ही नोंद वहीत होत असे. आता ती बहुतेक ठिकाणी मोबाईलवर होते. साधन बदलले, परंतु नोंदीतील शब्द पूर्वीचेच राहिले आहेत आणि ते शेतकऱ्याच्या तोंडचे आहेत. रोगाच्या रकान्यात ‘केवडा’ असे लिहिले जाते आणि कार्यकर्ता पुढच्या बांधाकडे वळतो.

हा शब्द लिहिणाऱ्याच्या मनात कसलाही संशय नसतो. तो बाजरीच्या शेतात उभा असतो, पिवळी पडलेली पाने त्याच्या हातात असतात आणि शेजारी शेतकरी असतो. संशय उत्पन्न होतो तो ही नोंद शेतापासून दूर गेल्यावर. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्यापुढे, आणि आता यंत्रापुढे, केवळ ‘केवडा’ ही तीन अक्षरे असतात. शेत नसते, पान नसते, शेतकरीही नसतो. अशा वेळी हा केवडा कोणता, हे कसे ठरवावयाचे?

प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. नोंदीवरून सल्ला दिला जातो आणि सल्ल्यावरून शेतकरी पैसा खर्च करतो. म्हणून नोंदीतील शब्दांना अर्थ कसा बांधून द्यावा याचा विचार या लेखात केला आहे.

एक शब्द, चार दुखणी

प्रथम बाजरी घेऊ. बाजरीवरील केवड्यात रोपाची पाने फिकट पिवळी पडतात आणि पहाटेच्या दमट हवेत पानाच्या खालच्या बाजूस पांढरट बुरा दिसतो. रोप खुजे राहते. पुढे कणीस येण्याच्या वेळी दाण्यांच्या जागी हिरव्या पानांसारखा झुपका फुटतो. त्यास शेतकरी ‘गोसावी’ म्हणतात. केवडा व गोसावी हे दोन रोग नव्हेत. एकाच रोगाच्या या दोन अवस्था आहेत. संकरित बाजरीचा प्रसार झाल्यानंतर १९७० च्या दशकात या रोगाच्या मोठ्या साथी आपल्या देशात येऊन गेल्या. येथे उपाय पेरणीपूर्वीच करावयाचा असतो. रोगास बळी न पडणारे वाण घ्यावे आणि मेटॅलॅक्झिल ३५ टक्के हे औषध किलोभर बियाण्यास ६ ग्रॅम या प्रमाणात चोळावे. कणसाचा गोसावी झाल्यानंतर ते रोप उपटून नष्ट करण्यापलीकडे काही उरत नाही.

द्राक्षाच्या बागेतही केवडा येतो. पानाच्या वरच्या बाजूस तेलकट पिवळे डाग पडतात, खालच्या बाजूस पांढरी वाढ दिसते, आणि फुलोऱ्यावर रोग गेला तर घड वाया जातो. अवेळी पाऊस व ढगाळ हवा ही त्यास पोषक होत. याच रोगावर फ्रान्समधील बोर्दो भागात मोरचूद व चुना यांचे मिश्रण उपयोगी पडते असे मिलार्दे या शास्त्रज्ञाने १८८५ साली प्रसिद्ध केले आणि आपल्या ओळखीचे ‘बोर्डो मिश्रण’ त्या गावाच्या नावाने जगभर गेले. बाजरीचा केवडा व द्राक्षाचा केवडा यांचे जंतू निरनिराळे असले तरी एकाच गणातील आहेत. पूर्वी त्यांना बुरशी समजत. आता शास्त्रज्ञ त्यांना खऱ्या बुरशीहून वेगळ्या गणात घालतात. येथवर शेतकऱ्याचा शब्द व शास्त्र यांचे बरेच जुळले.

आता भेंडी पाहा. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसू लागते, नंतर सर्व पान पिवळे होते आणि फळेही पिवळट व राठ निपजतात. यासही केवडाच म्हणतात. कोणी ‘हळद्या’ म्हणतात. हा रोग विषाणूचा असून पांढरी माशी त्याचा प्रसार करते. त्यावर बुरशीनाशकाचा काडीचाही उपयोग होत नाही. रोगट झाडे प्रारंभीच उपटावी, पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करावा व शक्य तर प्रतिकारक वाण लावावे. परभणी येथे तयार झालेले ‘परभणी क्रांती’ हे वाण याच रोगास तोंड देण्यासाठी निघाले होते.

चौथा केवडा उसावरचा. चुनखडीच्या जमिनीत, विशेषतः खोडव्यात, कोवळी पाने पिवळी पडतात; शिरा मात्र हिरव्या राहून पानावर पट्टे दिसतात आणि दुखणे वाढले की पान पांढरे फटक होते. येथे जंतू नाही, विषाणू नाही, माशीही नाही. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. उपाय म्हणजे फेरस सल्फेट. हा केवडा एका शेतातून दुसऱ्या शेतात पसरत नाही. दोन्ही शेतांत तो दिसलाच तर दोन्हींची जमीन एकाच जातीची आहे, इतकाच त्याचा अर्थ.

अशी ही चार दुखणी, त्यांची तीन वेगळी कारणे, आणि शब्द एक. उसावरील केवड्यास बाजरीच्या केवड्याचे औषध सुचविले गेले, तर शेतकऱ्याचा पैसा जातो आणि ऊस पिवळा तो पिवळाच राहतो. भेंडीवर मोरचूद मारीत बसले, तर तेवढ्या दिवसांत पांढरी माशी सबंध प्लॉट फिरून येते.

यंत्र काय करते

एका तालुक्यातून तीन गावांच्या नोंदी आल्या असे समजू. पहिल्या गावात ४० हेक्टर, दुसऱ्यात ५ हेक्टर व तिसऱ्यात १५ हेक्टर क्षेत्रावर ‘केवडा’ आहे. यंत्र क्षणात बेरीज करून ६० हेक्टर हा आकडा देते, नकाशावर तीन गावे रंगवते, आणि तालुक्यात केवड्याची साथ आल्याचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात पहिले क्षेत्र बाजरीचे, दुसरे भेंडीचे व तिसरे उसाचे होते. बेरीज बिनचूक आहे. परंतु ६० हेक्टर कशाचे, याला उत्तर नाही. जुन्या काळी वही वाचणारा अनुभवी अधिकारी गावाचे नाव पाहूनच ‘हे उसाचे गाव’ असे मनाशी म्हणत असे व नोंद बाजूस काढीत असे. वहीत जे लिहिलेले नव्हते ते त्याच्या डोक्यात होते. यंत्राला जे लिहून दिलेले नाही ते ठाऊक नसते.

महाराष्ट्रात २००८ साली सोयाबीनवर किडींचा मोठा हल्ला झाल्यानंतर २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ या नावाने कीड-रोगांची नियमित पाहणी व त्यावरून सल्ला देण्याचे काम सुरू झाले. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणीमध्ये शेतकरी स्वतःच आपल्या पिकाची नोंद मोबाईलवर करू लागले. नोंदींची संख्या अशी वाढत जाते तेव्हा प्रत्येक नोंद वाचून तिचा अर्थ लावणारा माणूस मिळणे शक्य नसते. अर्थ आधीच बांधून ठेवावा लागतो.

शब्द चुकीचा नाही

यावर कोणी म्हणेल की, गावठी शब्दच नकोत. रोगांची शास्त्रीय नावे लिहावी. हे मत वरवर पाहता पटण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखकास ते पटत नाही. ‘केवडा’ हे नाव केवड्याच्या कणसाच्या फिकट पिवळ्या रंगावरून पडलेले दिसते. शेतकऱ्याने रोगाचे कारण सांगितलेले नाही. त्याने आपल्या डोळ्यांना दिसले ते सांगितले आहे, आणि ते अगदी बरोबर सांगितले आहे. कारण ठरविणे हे दुसरे काम आहे. ते कधी शेतातच होते, कधी भिंग लावून पाहावे लागते, तर कधी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. ज्याने भिंगातून पाहिलेले नाही त्याने लॅटिन नाव लिहिले, तर तो अंदाज असतो, पण कागदावर तो निदानासारखा दिसतो. त्यापेक्षा ‘केवडा’ हा शब्द पुष्कळ प्रामाणिक आहे.

शिवाय शेतकऱ्याचा शब्द टाकून दिला की तो पुन्हा मिळत नाही. पुढे कधी शंका आली तर मूळ काय सांगितले होते हे पाहावयास काहीच उरत नाही.

म्हणून शब्द ठेवावयाचा. मात्र त्याच्यावर एकटा अर्थाचा भार टाकावयाचा नाही. या कामासाठी संगणकशास्त्रात जी रचना करतात तिला ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण कल्पना साधी आहे: एखाद्या कामात कोणकोणत्या वस्तू व कल्पना येतात, त्या एकमेकींहून कशा वेगळ्या आहेत व एकमेकींशी कशा जोडल्या आहेत, हे यंत्रास उमजेल अशा रीतीने लिहून ठेवलेला आराखडा.

मळा आणि गट क्रमांक

हे समजण्यास आपल्या जमिनीच्या दप्तराएवढे चांगले उदाहरण नाही. प्रत्येक गावात कोणाचा तरी ‘मळा’ असतो, कोणाची ‘पट्टी’ असते, कोणाचे ‘माळाचे शेत’ असते. घरातील माणसे ‘मळ्यात गेलो’ म्हणतात, तेव्हा कोणता मळा हे कोणी विचारीत नाही. पण सात-बारा मळ्याच्या नावाने निघत नाही. तो गट क्रमांकाने निघतो. आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, गट क्रमांक हाही एकटा पुरत नाही. ११२ क्रमांकाचा गट शेकडो गावांत असेल. जिल्हा, तालुका व गाव यांच्यासह तो क्रमांक सांगितला म्हणजेच जमिनीचा एक तुकडा ठरतो. दप्तराने ‘मळा’ या शब्दास बंदी केली नाही. तो घरात राहिला, आणि दप्तरात त्याची खूणगाठ गट क्रमांकाशी बांधली गेली.

रोगांच्या नावांचेही असेच करावयाचे असते. प्रत्येक दुखण्यास एक क्रमांक द्यावयाचा: बाजरीच्या केवड्यास एक, द्राक्षाच्या केवड्यास दुसरा, भेंडीच्या विषाणूरोगास तिसरा आणि उसातील लोहाच्या उणिवेस चौथा. हे क्रमांक म्हणजे संकल्पना. ‘केवडा’ हा शब्द यांपैकी कोणत्याही एका क्रमांकाचे नाव म्हणून कायमचा डकवावयाचा नाही. त्याऐवजी प्रत्येक जोडणी स्वतंत्र विधान म्हणून लिहावयाची: ‘केवडा’ हा शब्द, पीक बाजरी असता, पहिल्या संकल्पनेचा वाचक आहे, ‘केवडा’ हाच शब्द, पीक ऊस असता, चौथ्या संकल्पनेचा वाचक आहे. ‘गोसावी’ हा शब्द, पीक बाजरी असता, पुन्हा पहिल्याच संकल्पनेकडे जातो; ‘हळद्या’, पीक भेंडी असता, तिसऱ्याकडे. अशा विधानांत शब्द, संदर्भ व संकल्पना ही तीन अंगे सुटी राहतात आणि एका शब्दास अनेक अर्थ व एका अर्थास अनेक शब्द या दोन्ही गोष्टी गोंधळ न होता मांडता येतात.

रचना करणारे येथे एक चूक वारंवार करतात, ती सांगितली पाहिजे. सर्व पिकांसाठी रोगांची एकच यादी करून तीत ‘केवडा’ हे एकच नाव घालतात, आणि त्यास एक संकेतांक देतात. संकेतांक दिला म्हणजे काम शास्त्रशुद्ध झाले असा त्यामुळे भास होतो. वस्तुतः अक्षरांच्या जागी अंक आले एवढेच. संदिग्धता जशीच्या तशी राहिली, किंबहुना अंकाच्या आड ती झाकली गेली.

जगात या दिशेने झालेल्या कामाची थोडी ओळख असावी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ‘ॲग्रोव्होक’ हा शेतीविषयक संज्ञांचा बहुभाषी संग्रह प्रसिद्ध केला व पुढे तो संकल्पनांच्या क्रमांकांवर बसविला. त्यात मका या धान्यास १२३३२ व मक्याच्या वनस्पतीस ८५०४ असे वेगळे क्रमांक आहेत. बोलताना आपण दोन्हींस मकाच म्हणतो. वेबविषयक मानके ठरविणाऱ्या संस्थेने २००९ मध्ये ‘स्कॉस’ हे मानक संमत केले. त्यात संकल्पना वेगळी व तिची नावे वेगळी ठेवतात, आणि त्याच्या विस्तारात नाव हीच एक वस्तू मानून त्या नावाविषयी – ते कोठले, कोणी नोंदविले – लिहिण्याची सोय आहे. २०१६ मध्ये आलेल्या ‘ऑन्टोलेक्स’ या नमुन्यात शब्द आणि संकल्पना यांच्यामध्ये ‘अर्थ’ ही तिसरी पायरी घातलेली असून तो अर्थ कोणत्या परिस्थितीत लागू पडतो हे तेथे सांगता येते. वर केवड्याचे जे केले तेच हे.

संदर्भ म्हणजे काय काय

रोगाच्या शब्दास पीक हा पहिला संदर्भ, आणि बहुतेक वेळा तो पुरतो. म्हणून नोंदीच्या नमुन्यात पिकाचा रकाना रोगाच्या आधी यावा व पीक निवडल्यावर त्याच पिकाची रोगयादी समोर यावी. नमुना करणाऱ्यांनी एवढे केले तरी निम्मे काम झाले.

पण पिकाचे नाव तरी नेहमी स्वच्छ असते काय? ‘घेवडा’ म्हटल्यावर एका भागातील शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे श्रावण घेवडा येतो, त्याच वर्गातील साताऱ्याकडील वाघ्या घेवडा येतो. दुसऱ्या भागात घेवडा म्हणजे वालाच्या जातीची वेल. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन निराळी पिके होत. येथे गाव किंवा जिल्हा हा संदर्भ धरावा लागतो, आणि तोही केवळ कल असे दर्शवतो. म्हणून घेवड्याच्या बाबतीत यंत्राने परस्पर निर्णय न करता शेंगेचे चित्र दाखवून विचारावे, हे बरे. उलट ‘शाळू’ या शब्दात रब्बीचा हंगाम आधीच आलेला आहे. ‘ज्वारी’ म्हटले तर हंगाम विचारावा लागतो.

‘भात’ हा शब्द तर आपण रोज तीन अर्थांनी वापरतो: शेतात उभे असते ते भात, मळणीनंतर पोत्यात भरतो ते भात, आणि ताटात वाढतात तोही भात. घरात याने कोणाची फसगत होत नाही. परंतु उत्पादनाच्या तक्त्यात १०० क्विंटल भात व १०० क्विंटल तांदूळ एकाच बेरजेत गेले, तर हिशेब बिघडतो. कारण सरकारी खरेदीत १०० क्विंटल भातापासून ६७ क्विंटल तांदूळ धरतात. कापसाचेही तेच. वेचलेला कापूस क्विंटलने विकतो, आणि सरकी काढलेली रुई बाजारात खंडीने बोलली जाते.

गुणवाचक शब्दांची गत याहून बिकट आहे. ‘मध्यम’ हा शब्द घ्या. मध्यम जमीन म्हणजे मातीच्या थराची खोली. मध्यम प्रादुर्भाव म्हणजे रोगाचा जोर. मध्यम वाण म्हणजे पक्व होण्यास लागणारे दिवस. ‘हळवे’ हा शब्द दिवसांविषयीच आहे, तरी भाताचे हळवे वाण आणि तुरीचे हळवे वाण यांच्या दिवसांत पुष्कळ अंतर असते. अशा शब्दांचा अर्थ रकाना पाहिल्याशिवाय लागत नाही. म्हणून आराखड्यात ‘मध्यम’ अशी एक संकल्पना कधीही करू नये. ‘जमिनीची खोली – मध्यम’, ‘करप्याचा जोर – मध्यम’, ‘भाताचा कालावधी – मध्यम’ अशा तीन संकल्पना कराव्या व तिघींवर ‘मध्यम’ हे एकच नाव खुशाल राहू द्यावे.

अंकांनाही हाच नियम लागू आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. भातावरील करप्याची तीव्रता मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची ० ते ९ अशी श्रेणी आहे. तीत ० म्हणजे डाग नाही आणि ९ म्हणजे पानाचा ७५ टक्क्यांहून अधिक भाग गेलेला. सोयाबीनच्या पाहणीत ‘९’ लिहिले तर ती एक मीटर ओळीत मोजलेल्या अळ्यांची संख्या असू शकते. म्हणून पिकांच्या गुणांचा जो आंतरराष्ट्रीय आराखडा ‘क्रॉप ऑन्टॉलॉजी’ या नावाने चालविला जातो, त्यात काय मोजले, कोणत्या रीतीने मोजले व कोणत्या मापात मोजले ही तीन अंगे मिळूनच एक रकाना होतो. नुसत्या ‘९’ ला तेथे जागाच नाही.

संदर्भही पुरत नाही तेव्हा

पीक, गाव, हंगाम हे सर्व ठाऊक असूनही शब्द संदिग्ध राहतो, असे प्रसंग येतात. बटाट्यावरील ‘करपा’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. लवकर येणारा करपा व उशिरा येणारा करपा या दोहोंचे जंतू वेगळे, पसरण्याची रीत वेगळी. उशिरा येणारा करपा थंड व दमट हवेत काही दिवसांत सबंध शेत काळे करतो. शेतकरी नुसते ‘करपा’ म्हणतो. यंत्राने अशा वेळी दोहोंपैकी अधिक वेळा आढळणारा करपा गृहीत धरला, तर नोंद नीटनेटकी दिसेल, पण ती नोंद शेतकऱ्याची राहणार नाही.

यासाठी आराखड्यात वरची पायरी ठेवावी: ‘बटाट्याचा करपा’, आणि तिच्याखाली दोन फांद्या. जितके कळले असेल तितक्याच पायरीवर नोंद थांबवावी. पुढे कोणी पानाची खालची बाजू पाहून किंवा नमुना तपासून नक्की केले, तर नोंद खालच्या फांदीवर न्यावी; मात्र हे कोणी व कोणत्या तारखेस ठरविले तेही लिहावे, आणि शेतकऱ्याचा मूळ शब्द पहिल्या जागी तसाच ठेवावा. ‘दिसलेले’ व ‘ठरविलेले’ असे दोन वेगळे रकाने असणे, ही या सर्व कामातील अत्यंत महत्त्वाची गोष्ट आहे. दोन्ही एकाच रकान्यात कोंबले की पुढे कोणालाही ती सुटी करता येत नाहीत.

येथे एका क्षुल्लक दिसणाऱ्या चिन्हाविषयी लिहिले पाहिजे. रोगाच्या रकान्यात आडवी रेघ ओढलेली असते. तिचा अर्थ काय? पाहणी केली व रोग आढळला नाही, असा एक अर्थ होतो; पाहणीच झाली नाही, असा दुसरा; या पिकास हा रोग येतच नाही, असा तिसरा. ‘निरंक’ या शब्दाचेही तसेच. साथीच्या दिवसांत या तिहींतील अंतर फार मोठे असते, कारण रोग नाही अशी खात्री असलेले गाव आणि जेथे कोणी गेलेच नाही असे गाव यांना नकाशावर एकच रंग मिळतो. म्हणून तीन निरनिराळे शब्द नेमावे: ‘पाहिले, आढळले नाही’, ‘पाहिले नाही’ व ‘लागू नाही’. रेघ ओढू नये.

गावपातळीवर करावयाचे काम

आराखडा तयार करणे हे तज्ज्ञांचे काम खरे. पण त्यातील विधाने शेतावरच जमतात. ‘केवडा’ म्हणजे उसात लोहाची उणीव, हे कोणत्याही परदेशी संग्रहात सापडणार नाही. ते आपल्या गावच्या शेतकऱ्यास ठाऊक आहे आणि त्याच्याकडून ते कार्यकर्त्याने लिहून घ्यावयाचे आहे. फेरीवर असताना नवा शब्द कानी पडला की शेतकऱ्यास विचारावे: हा शब्द आपण कोणत्या पिकावर वापरता? झाडाच्या कोणत्या भागावर? पलीकडच्या गावात यास काय म्हणतात? उत्तरे जशीच्या तशी, त्याच्याच शब्दांत टिपावी. आपल्याला ऐकू आलेला शब्द पुस्तकी शब्दाने दुरुस्त करून लिहू नये. शक्य असल्यास पानाच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही बाजूंचे छायाचित्र जोडावे. केवड्याच्या बाबतीत पुष्कळदा निर्णय खालच्या बाजूवरच होतो.

शेतकरी बंधूंनीही सल्ला विचारताना नुसते रोगाचे नाव सांगून थांबू नये. पीक, वाण, पेरणीची तारीख, जमीन कशी आहे आणि प्रथम कोणते पान पिवळे पडले – शेंड्याचे की बुडाचे – एवढे सांगावे. दूरध्वनीवरून किंवा मोबाईलवर आलेला सल्ला ‘केवड्यावर औषध’ असा असेल, तर तो कोणत्या पिकाच्या केवड्याविषयी आहे हे विचारल्याशिवाय दुकानात जाऊ नये.

राहता राहिला जुन्या वह्यांचा प्रश्न. पुष्कळ ठिकाणी जुन्या पाहणीच्या वह्या आता संगणकावर चढविल्या जात आहेत. त्यांत ‘खंडी’, ‘मण’ असे शब्द भेटतील. मण म्हणजे ४० शेर हे खरे, आणि सरकारी मण सुमारे ३७.३ किलोग्रॅमचा, पण वजनमापांची दशमान पद्धत १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने येण्यापूर्वी पेठेपेठेचा मण वेगळा असे. खंडी म्हणजे वीस मण. मेंढ्यांची खंडी म्हणजे वीस मेंढ्या. आणि रुईची खंडी आजही सुमारे ३५६ किलोग्रॅमची. वही चढविणाऱ्याने हे सर्व आकडे घाईने किलोग्रॅममध्ये बदलून मूळ शब्द पुसू नयेत. मूळ ‘खंडी’ तशीच लिहावी, शेजारी वस्तू, पेठ व वर्ष लिहावे, आणि रूपांतर वेगळ्या रकान्यात करून ते कोणत्या मापाने केले याची टीप द्यावी. पेठेचे माप समजत नसेल तर रूपांतराचा रकाना रिकामा न सोडता तेथे ‘माप निश्चित नाही’ असे लिहावे.